शब्बाथ आणि कामाची व्याख्या: एका प्राचीन वादाचा मागोवा

शब्बाथ म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणारा आणि शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत चालणारा यहुदी विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी काम करू नये, ही आज्ञा तोरेत, म्हणजे मोशेच्या नावाने चालत आलेल्या पाच ग्रंथांत, वारंवार येते. दहा आज्ञांतही ती आहे, आणि तिचे कारण दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी दिलेले आहे. निर्गम या ग्रंथानुसार देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवून सातव्या दिवशी विसावा घेतला म्हणून. अनुवाद या ग्रंथानुसार इस्राएली लोक मिसर देशात गुलाम होते याची आठवण राहावी म्हणून. घरधनी, मुलेबाळे, दासदासी, गुरेढोरे, वेशीच्या आत राहणारा परका, सगळ्यांना ती सारखीच लागू होते. काम कशाला म्हणायचे, हे मात्र आज्ञेत कुठेही सांगितलेले नाही. फुटकळ दाखले तेवढे मिळतात: घरात विस्तव पेटवू नये, रानात देवाने दिलेले मान्ना हे अन्न गोळा करायला आपली जागा सोडून जाऊ नये, नांगरणी-कापणीच्या हंगामातही विसावा घ्यावा. गणना या ग्रंथात शब्बाथला लाकडे वेचणाऱ्या एका माणसाची हकिकत आहे. त्याला धरून आणले, पण पुढे काय करायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून त्याला पहाऱ्यात ठेवले. मग देवाच्या सांगण्यावरून छावणीबाहेर नेऊन दगडमार केला. शिक्षा देहान्ताची आणि गुन्ह्याची व्याख्या नाही, अशा या कायद्यावर पुढे शतकानुशतके वाद झाले यात नवल नाही. शब्बाथ पाळायचा की नाही, हा त्या वादांचा विषय क्वचितच होता. बहुतेक सगळे भांडण पाळणाऱ्यांचे आपसातलेच.

सर्वांत जुन्या तक्रारी बाजारपेठेच्या आहेत. इ.स.पू. आठव्या शतकातला आमोस हा संदेष्टा धान्याच्या व्यापाऱ्यांवर तुटून पडतो, कारण शब्बाथ कधी संपतो आणि खोट्या मापाने विक्री कधी सुरू करतो असे त्यांना झालेले असते. म्हणजे नाइलाजाने का होईना, दुकाने बंद राहत होती. यिर्मयाच्या ग्रंथात यरुशलेमच्या वेशींतून शब्बाथला ओझी नेऊ नयेत असा इशारा आहे. यहुदी लोक बाबेलला हद्दपार झाल्यानंतर या दिवसाचे महत्त्व आणखी वाढले. मंदिर नसलेल्या परक्या मुलुखात यज्ञ करता येत नव्हते, पण सातवा दिवस पाळता येत होता.

इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात पारशी बादशहाच्या वतीने यहुदाचा कारभार पाहणाऱ्या नहेम्याने या प्रश्नाला प्रथमच अंमलबजावणीची जोड दिली. त्याच्या नावाच्या ग्रंथात शब्बाथला द्राक्षकुंड तुडवणारे, गाढवांवर धान्य, द्राक्षे, अंजिरे लादून शहरात आणणारे लोक भेटतात. सोर शहराचे व्यापारी मासळी आणून विकताना दिसतात. नहेम्याने शुक्रवारी अंधार पडू लागताच वेशी बंद करायला लावल्या आणि त्यांवर आपली माणसे बसवली. व्यापारी एकदोनदा तटाबाहेर मुक्काम ठोकून राहिले. पुन्हा दिसलात तर हात टाकीन, असा दम भरल्यावर ते यायचे थांबले. त्याच शतकात मिसरच्या दक्षिण सीमेवर, नाईलमधल्या एलेफन्टाइन बेटावर यहुदी शिपायांची वसाहत होती. तिथे खापरांवर अरामी भाषेत लिहिलेल्या चिठ्ठ्या सापडल्या आहेत. एका चिठ्ठीत उद्या शब्बाथला भाजी घेऊन होडी येईल, ती उतरवून घ्यायला हजर राहा, असे बजावले आहे, आणि तेही देवाच्या नावाने शपथ घालून. या वसाहतीला दिवस ठाऊक होता. यरुशलेमचा नियम मात्र तिथवर पोहोचला नव्हता, किंवा पोहोचूनही कोणी तो मनावर घेतला नव्हता.

युद्धाने हा प्रश्न जिवावरचा केला. निडसचा ग्रीक लेखक अगाथर्किडिस, ज्याचा उतारा जोसेफस या यहुदी इतिहासकाराने दिला आहे, तो सांगतो की पहिल्या टॉलेमीने यरुशलेम घेतले ते शब्बाथच्या दिवशी, कारण रहिवाशांनी शस्त्र उचललेच नाही. अगाथर्किडिसला हा शुद्ध वेडेपणा वाटला. पुढे इ.स.पू. १६७ च्या सुमारास अँटायोकस चौथा याने यहुदी धर्माचरणावरच बंदी घातली, तेव्हा काही निष्ठावंत बायकामुले आणि गुरे घेऊन रानातल्या गुहांत जाऊन राहिले. राजाच्या सैन्याने त्यांना शब्बाथच्या दिवशी गाठले. त्यांनी दगड फेकला नाही की गुहेची तोंडे बुजवली नाहीत. मक्काबींच्या पहिल्या ग्रंथानुसार सुमारे एक हजार माणसे मारली गेली. ही बातमी ऐकून बंडाचा म्होरक्या मत्तथ्या, जो स्वतः याजक घराण्यातला होता, आणि त्याचे सोबती यांनी ठरवले की शब्बाथला कोणी चालून आला तर लढायचे. नाहीतर मागे कोणी उरणारच नाही.

हा निर्णय कोणा संदेष्ट्याने दिला नव्हता आणि तोरेच्या कोणत्या वचनावरही तो आधारलेला नव्हता. हातघाईवर आलेल्या माणसांनी तो घेतला होता, आणि त्याची मर्यादा होती फक्त बचावापुरती. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपीने मंदिराला वेढा घातला तेव्हा ही मर्यादा त्याने बरोबर हेरली. शब्बाथच्या दिवशी रोमन सैनिक हल्ला करत नसत. ते फक्त मातीचे बांध चढवत आणि यंत्रे पुढे सरकवत. अंगावर चालून आल्याशिवाय प्रतिकार करायचा नाही, म्हणून आतले लोक ते काम बघत राहिले. बांध पुरे झाले आणि मंदिर पडले. शम्माय या यहुदी पंडिताच्या नावावर एक जुना निवाडा आहे: वेढा शब्बाथच्या निदान तीन दिवस आधी सुरू करावा, आणि एकदा सुरू झाला की शहर पडेपर्यंत शब्बाथलाही थांबू नये. आचारात कडक म्हणून प्रसिद्ध असलेला माणूस इथे सर्वांत सैल सूट देतो, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. इ.स. ६६ च्या बंडात मांडवांच्या सणात आलेल्या शब्बाथला लोक सण सोडून रोमन सेनापती सेस्टियस गॅलसच्या फौजेवर तुटून पडले, तोवर फक्त बचाव हे बंधन प्रत्यक्षात उरलेच नव्हते.

रोमन सत्तेने मात्र या दिवसाची कागदोपत्री दखल घेतली होती. आशिया प्रांतातले जे यहुदी रोमन नागरिक होते त्यांना सैन्यातल्या सक्तीच्या भरतीतून सूट मिळाली. शब्बाथला शस्त्र धरता येत नाही आणि मजल मारता येत नाही, हे कारण रोमन अधिकारी डोलाबेलाच्या इ.स.पू. ४३ च्या पत्रात नोंदले आहे. शब्बाथला आणि आदल्या दिवशी नवव्या तासानंतर यहुद्यांना कोर्टात हजर राहण्याची सक्ती करू नये, असे ऑगस्टसच्या फर्मानात होते. रोममध्ये फुकट धान्याचे वाटप शब्बाथला आले तर यहुद्यांचा वाटा दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवत, असे यहुदी तत्त्वज्ञ फिलो सांगतो. सेनेका या रोमन लेखकाला आणि पुढे रोमन इतिहासकार टॅसिटसला यात आळसाशिवाय काही दिसले नाही.

मत्तथ्याच्या निर्णयाला उलट टोकाचे उत्तरही त्याच शतकातले आहे. जुबिली नावाचा हिब्रू ग्रंथ इ.स.पू. दुसऱ्या शतकातला; आज तो संपूर्ण मिळतो तो इथिओपियाच्या गेझ भाषेत. त्याच्या मते स्वर्गातले वरच्या श्रेणीचे देवदूत सृष्टीच्या आरंभापासून शब्बाथ पाळत आले आहेत आणि पृथ्वीवर इस्राएलला त्यांच्या बरोबरीने बसवले आहे. ज्या दिवसाचा असा दर्जा, त्याला अपवाद कुठून असणार? ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात शब्बाथला पाणी काढणे, ओझे नेणे, प्रवास करणे, जनावरावर बसणे, गलबतातून जाणे, स्त्रीसंग, उपवास आणि युद्ध या सगळ्यांना मृत्युदंड सांगितला आहे. गुहांतल्या त्या हजार माणसांचे वागणेच योग्य ठरले असते, असेच हा लेखक म्हणाला असता.

मृत समुद्राकाठी कुम्रानला राहणाऱ्या यहुदी पंथाचे नियम याच कुळातले. त्यांचा दमास्कस-लेख म्हणून ओळखला जाणारा ग्रंथ प्रथम मिळाला तो कैरोच्या जुन्या सभास्थानातल्या गेनिझात, म्हणजे जीर्ण हस्तलिखिते ठेवण्याच्या खोलीत. सॉलोमन शेख्टरने तो १९१० मध्ये छापला. १९४७ पासून मृत समुद्राकाठच्या गुहांत हस्तलिखिते निघू लागली, आणि त्यांत त्याच्याच तुकडे झालेल्या प्रती हाती आल्या. शुक्रवारी सूर्यबिंब क्षितिजापासून आपल्याच व्यासाइतके वर असताना हातातले काम टाकायचे. गावाबाहेर एक हजार हातांपलीकडे पाऊल टाकायचे नाही. गुरे चारायला मात्र दोन हजार हात. उद्याच्या कामाबद्दल बोलायचे नाही. झाकण पक्के बसवलेले भांडे उघडायचे नाही. दाईने तान्हे मूल कडेवर घेऊन आत-बाहेर करायचे नाही. हट्टी जनावराला ठोसा मारायचा नाही. एसेनी या यहुदी पंथाचे लोक शब्बाथला शौचालाही जात नसत, असे जोसेफस लिहितो.

या यादीतला एक नियम बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण त्याच प्रश्नावर तीन वेगवेगळ्या मंडळींची मते टिकून राहिली आहेत. शब्बाथच्या दिवशी जनावर खड्ड्यात किंवा हौदात पडले तर काय करायचे? दमास्कस-लेख म्हणतो, वर काढायचे नाही. माणूस पाण्यात पडला तरी शिडी, दोर किंवा अवजार वापरून त्याला काढायचे नाही. दुसऱ्या एका कुम्रान लेखात तेवढ्यापुरती वाट ठेवली आहे की अंगावरचे वस्त्र त्याच्याकडे टाकावे आणि त्याला ओढून घ्यावे. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू समोरच्यांना विचारतो, तुमच्यापैकी कोण आपले मेंढरू काढणार नाही? उत्तर सर्वांना ठाऊक आहे, असे धरूनच तो विचारतो. म्हणजे गालीलच्या खेड्यात जनावर काढतच असत. तालमुद या रब्बींच्या चर्चांच्या संग्रहातल्या पंडितांनी तिसरी वाट काढली: जनावराला तिथेच चारा-पाणी द्यावे, किंवा त्याच्या पायाखाली गाद्या-उशा टाकाव्यात; ते आपणहून चढून आले तर आले. माणसाच्या जिवाचा प्रश्न असेल तर मात्र त्यांच्या मते दोर, शिडी, काहीही चालते. तिन्ही मते शेजारी ठेवली की परुशी, म्हणजे तालमुदातले पंडित ज्याचे वारस तो पंथ, काटेकोर कर्मठ होता, हे नेहमीचे चित्र डळमळते. त्या काळच्या पंथांत परुशी आणि त्यांचे वारस हे खरे तर सवलत देणारे होते.

दमास्कस-लेखात अनपेक्षित सौम्यपणाही आहे. चुकून शब्बाथ मोडणाऱ्याला ठार करायचे नाही, त्याच्यावर नजर ठेवायची. सात वर्षे नीट वागला तर त्याला मंडळात परत घ्यायचे. लाकडे वेचणाऱ्या माणसाच्या कथेपासून हे अंतर बरेच मोठे आहे.

दुसरा मोठा वाद पंचांगाचा. जुबिलीचा लेखक आणि कुम्रानचे लोक ३६४ दिवसांचे वर्ष मानत. ३६४ म्हणजे नेमके ५२ आठवडे. त्यामुळे प्रत्येक सण दर वर्षी त्याच वारी येई आणि मुख्य सण शब्बाथला कधीच येत नसे. मंदिरात चंद्राचे महिने चालत, म्हणून तिथे सण आणि शब्बाथ यांची गाठ पडणे अटळ होते. कुम्रानच्या हबक्कूक-भाष्यात तर अशी तक्रार आहे की यरुशलेमचा ‘दुष्ट याजक’ पंथाच्या गुरूवर प्रायश्चित्ताच्या दिवशी, त्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, चालून आला. याजकाच्या पंचांगात तो दिवस साधा असल्याशिवाय हे घडणे कठीण.

मंदिरात शब्बाथला यज्ञ चालतच, उलट दोन कोकरे जास्तीची अर्पण होत. प्रश्न होता इतर विधींचा. वल्हांडण या मिसरातून सुटकेच्या सणाचा आदला दिवस शब्बाथला आला तर कोकरू कापायचे का? तालमुदातल्या कथेनुसार बथेराच्या घराण्यातले प्रमुख हा नियमच विसरले होते. बाबेलहून आलेला हिल्लेल नावाचा विद्यार्थी जाणतो असे कळल्यावर त्याला बोलावले. त्याने रोजच्या यज्ञाचा दाखला देऊन कापायचे असे सांगितले, आणि लोकांनी त्याला प्रमुख नेमले. मग कोणीतरी विचारले, सुरी आदल्या दिवशी आणून ठेवायची राहिली तर? हिल्लेल अडला. लोकांवर सोडा, म्हणाला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो लोकांनी सुरी कोकराच्या लोकरीत खोवली होती, करडाच्या शिंगांमध्ये अडकवली होती. ओझे जनावराने आणले, माणसाने नाही.

लोकाचार आणि याजकांचे मत यांची टक्कर मंदिराच्या अंगणातही झाली. मांडवांच्या सणाच्या सातव्या दिवशी वाळुंजाच्या डहाळ्या वेदीपाशी आपटत. एका वर्षी तो दिवस शब्बाथला आला. डहाळ्या शुक्रवारीच आणून ठेवल्या होत्या. बोएथसपंथी याजकांना ही प्रथा शब्बाथहून मोठी वाटत नव्हती. त्यांनी त्या मोठ्या दगडांखाली दाबून टाकल्या. शब्बाथला सकाळी साध्या लोकांनी दगडांखालून त्या ओढून काढल्या. पहिल्या पेंढीच्या कापणीवरूनही याच दोन पक्षांचे वाजले. लेवीय ग्रंथात पेंढी ‘शब्बाथच्या दुसऱ्या दिवशी’ आणायला सांगितली आहे. बोएथसपंथी म्हणत, शब्बाथ म्हणजे शनिवार, तेव्हा रविवारी. परुशी म्हणत, इथे शब्बाथ म्हणजे वल्हांडणाचा पहिला दिवस, मग वार कोणताही असो. म्हणून कापणी मुद्दाम गाजावाजा करून होई. कापणारा जमावाला विचारे, सूर्य मावळला का, हा विळा का, ही टोपली का. आणि शब्बाथ असेल तर आज शब्बाथला का. प्रत्येक प्रश्न तीनतीनदा, आणि जमावाचा होकार तीनतीनदा. हा विधी म्हणजे प्रतिपक्षाच्या नाकावर टिच्चून केलेली जाहीर घोषणाच होती.

घराघरांत वाद होता तो वस्तू बाहेर नेण्याचा. घरातून सार्वजनिक जागेत काही न्यायचे नाही, हे सर्वांना मान्य. पण एका अंगणाभोवती चार बिऱ्हाडे असली तर भांडे अंगणात तरी न्यावे का? परुश्यांनी ‘एरूव’ची तोड काढली: सगळ्या बिऱ्हाडांनी शुक्रवारी थोडे अन्न एकत्र ठेवायचे, की अंगण हे सर्वांचे मिळून एक घर ठरते. सदुकी या प्रतिस्पर्धी पंथाला ही पळवाट मान्य नव्हती, आणि अंगणातला एक जरी भागीदार नाकबूल झाला तर बेत फसे. रब्बान गमलियेलने आपल्या घरची आठवण सांगितली आहे. यरुशलेमच्या त्यांच्या बोळात एक सदुकी राहत होता. वडील घरच्यांना म्हणत, तो आपले सामान बाहेर काढायच्या आत तुमची भांडी बोळात नेऊन ठेवा. दोन पंथांचा शास्त्रार्थ शुक्रवारी संध्याकाळी असा भांड्यांच्या घाईत उतरे.

परुश्यांच्या आतही हिल्लेलचे घराणे आणि शम्मायचे घराणे असे दोन तट होते. हनन्या बेन हिज्किया याच्या माडीवर दोघांची बैठक भरली, मतमोजणीत शम्मायचे लोक जास्त निघाले आणि एका दिवसात १८ ठराव झाले, असे मिश्ना या रब्बींच्या कायदेसंहितेत आहे. त्या दिवशी तलवारी निघाल्या, अशी आठवण पुढे तालमुदात नोंदली गेली. शब्बाथबाबत या दोन घराण्यांतला प्रश्न साधा होता: शुक्रवारी सुरू केलेले काम शब्बाथला आपोआप चालू राहिले तर चालते का? शाई किंवा रंग भिजत घालणे, लोकर रंगाच्या भांड्यात टाकणे, जाळे लावून ठेवणे, परकीय धोब्याकडे कपडे देणे, या सगळ्याला शम्मायचे लोक नाही म्हणत. काम शुक्रवारी उजेडातच पुरे होणार असेल तरच करा. हिल्लेलचे लोक म्हणत, माणसाचा हात थांबला म्हणजे पुरे. तरी हिल्लेलच्याच वंशातल्या गमलियेलच्या घरी पांढरे कपडे धोब्याकडे तीन दिवस आधीच जात. तेलाच्या घाण्याबद्दल मात्र दोघांचे एकमत: ऑलिव्हवर दाबाचा वासा शुक्रवारी चढवून ठेवावा, मग रात्रभर तेल गळत राहिले तरी हरकत नाही. कोकणातल्या बेने इस्राएलांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडले ते शनिवारी घाणा बंद ठेवण्यावरून. त्या घाण्याला बैल जुंपावा लागे, आणि गुरांना विसावा द्यावा हे आज्ञेतच आहे.

येशूच्या कथांतले वाद या पार्श्वभूमीवर वाचले की वेगळे दिसतात. शिष्यांनी शेतातून जाताना कणसे मोडली, हा आक्षेप चोरीचा नाही. हाताने कणसे खुडायची मुभा तोरेतच आहे. तो आक्षेप कापणीचा आहे. वाळलेल्या हाताचा माणूस, अठरा वर्षे वाकलेली बाई, यांच्या जिवाला तत्काळ धोका नव्हता. म्हणूनच सभास्थानाचा प्रमुख लोकांना म्हणतो की सहा दिवस आहेत, त्यांत येऊन बरे व्हा. परुश्यांच्या नियमात ते उत्तर अगदी बरोबर बसते. येशूने मर्यादाच पुढे सरकवली: जीव वाचवण्याबरोबर दुःख दूर करणेही त्याने सवलतीत धरले. शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथसाठी नाही, या अर्थाचे त्याचे उद्गार बंडखोर मानले जातात. पण शिमोन बेन मनस्या या नंतरच्या रब्बीच्या नावावर जवळजवळ तोच विचार आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू सुंतेचा दाखला देतो. आठव्या दिवशीची सुंता शब्बाथला चालते, मग सबंध माणूस बरा केलेला का चालू नये? एलाजार बेन अजऱ्या या रब्बीचा युक्तिवाद अक्षरशः हाच आहे.

इ.स. ७० मध्ये मंदिर जळाले, आणि त्याबरोबर याजकांचे पंथही मागे पडले. शुक्रवारी संध्याकाळी एक याजक मंदिराच्या तटावरून तुतारी फुंकून शब्बाथ लागल्याचे कळवी, असे जोसेफस सांगतो. १९६८ मध्ये बेंजामिन मझार यांच्या उत्खननात मंदिर-टेकडीच्या नैर्ऋत्य कोपऱ्याखाली, तटावरून कोसळलेला दगड मिळाला. त्यावर तुतारी फुंकण्याच्या जागेचा हिब्रू उल्लेख कोरलेला आहे. तुतारी बंद झाल्यावर वाद रब्बींच्या पाठशाळांत गेले. इ.स. २०० च्या सुमारास यहुदा हनासीने मिश्ना संपादित केली, तीत कामांची यादी अखेर ठरली: एक कमी चाळीस. पेरणे, नांगरणे, कापणे, दळणे, विणणे, दोन टाके घालणे, दोन अक्षरे लिहिणे, विस्तव पेटवणे आणि विझवणे, असे ३९ प्रकार. तोरेत शब्बाथची आज्ञा निवासमंडपाच्या, म्हणजे रानातल्या फिरत्या मंदिराच्या, बांधणीला लागून येते, म्हणून त्या बांधणीला लागणारी कामे ती मना केलेली कामे, असा आधार तालमुदात दिला आहे. या नियमांना तोरेचा पाया फार तोकडा आहे, हे मिश्ना स्वतःच कबूल करते आणि केसाला टांगलेल्या डोंगरांची उपमा देते.

यादी ठरल्यानेही मतभेद मिटले नाहीत. सुंतेसाठी सुरी घडवायला लागणारा कोळसा, त्यासाठी तोडायचे लाकूड, हे सगळे शब्बाथला चालते, असे रब्बी एलिएजर म्हणे, आणि त्याच्या गावात तसे करतही. रब्बी अकिवाने नियम बांधला: जे शुक्रवारी करता आले असते ते शब्बाथला चालत नाही. अकिवाचे मत टिकले. एलिएजरचेही मिश्नात नोंदलेले राहिले.

जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावा, हे तोवर सर्व रब्बींना मान्य झाले होते. आधार कोणता, यावर इश्माएल, अकिवा आणि एलाजार यांनी वेगवेगळी उत्तरे दिली. बाबेलच्या शमुएलने तिसऱ्या शतकात म्हटले की आज्ञा जगण्यासाठी दिल्या आहेत, मरण्यासाठी नव्हेत, आणि तालमुदाने याच उत्तराला अखंडनीय ठरवले. धोक्याची नुसती शंका पुरे, असा नियम झाला. घर कोसळले आणि कोणी ढिगाऱ्याखाली असेल की नसेल, जिवंत असेल की नसेल, कळत नसले तरी ढिगारा उपसायचा. मुलांकडून किंवा परकीयांकडून हे काम करून घेऊ नये, जाणत्या थोरांनी ते स्वतः करावे, आणि त्यासाठी पंचायतीची परवानगी मागत बसू नये, असेही तालमुदात सांगितले आहे.